अल्पमोली वस्तूंचे मोल



आपल्या गोव्यात जत्रेहून परतणारा मनुष्य सहसा रिकाम्या हाताने घरी येत नाही. खाज्याचा एखादा पुडा तरी त्याच्या हातात असतोच. खाज्याला फार मोल पडत नाही. परंतु त्यातील चार तुकडे शेजारच्या घरी गेले, की अमक्या देवाची जत्रा झाल्याची वार्ता न सांगताच तेथे पोहोचते. ज्याने ते चाखले, त्याला पुढील वर्षी आपणही जावे असे वाटू लागते. अल्पमोलाची वस्तू मोठ्या नावाची वाहक कशी होते, हे समजण्यास याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या संचांनीही हीच युक्ती फार पूर्वी ओळखली. 'बँड' म्हटले की आपल्याकडे लग्नाच्या वरातीतील पितळी वाद्ये डोळ्यांपुढे येतात. येथे मात्र स्वतःची गीते रचून ती एकत्र गाणारा व वाजवणारा लहानसा संच, असा त्या शब्दाचा अर्थ घ्यावा. अशा संचाच्या नावाचे बिल्ले, स्टिकर, टी-शर्ट, किल्ल्या अडकवण्याच्या कड्या इत्यादी वस्तू आज सर्वत्र दिसतात. त्यांचा उपयोग काय, त्यांचे मोल कशात असते आणि ते मोल कोणाच्या पदरात पडते, या तीन प्रश्नांचा विचार आपल्याला एका गाजलेल्या उदाहरणावरून करावयाचा आहे.

हा विषय केवळ व्यापाऱ्यांचा आहे, असे कोणी समजू नये. आपल्या गावोगावी घुमट-आरतीची पथके आहेत, भजनी मंडळे आहेत, गिटार आणि ड्रम घेऊन गाणारे तरुणांचे संच आहेत. तुमच्यापैकी कोणी ना कोणी उद्या अशा संचात असेल आणि आपल्या नावाचे शंभर बिल्ले छापून घेईल. त्या वेळी उपयोगी पडेल असे काही आजच जाणून घेतलेले बरे.

प्रथम बिल्ल्याचीच रचना पाहू. पत्र्याची एक गोल चकती, तिच्यावर छापलेला कागद, त्या कागदावर पारदर्शक सेल्युलॉइडचा पातळ पापुद्रा, आणि मागील बाजूस हे सर्व आवळून धरणारे कडे व त्यात बसवलेली तारेची टाचणी, एवढाच त्याचा संसार. अमेरिकेतील न्यूअर्क शहरातील 'व्हाइटहेड अँड होग' या कंपनीने १८९६ साली अशा बिल्ल्याच्या रचनेचे पेटंट घेतले. त्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती, आणि मॅकिन्ली व ब्रायन या दोन्ही उमेदवारांच्या नावांचे बिल्ले लोकांच्या कोटांवर झळकू लागले. भिंतीवरील जाहिरात जागच्या जागी राहते. बिल्ला मात्र माणसाबरोबर चालतो, बाजारात जातो, गाडीत बसतो. शिवाय भिंत कोणाची बाजू घेत नाही. बिल्ला लावणारा मनुष्य मात्र 'मी यांच्या बाजूचा आहे' असे आपण होऊन सांगत असतो. म्हणूनच छापील फलकापेक्षा त्या चकतीच्या शब्दाला अधिक वजन येते.

राजकारणातील ही युक्ती संगीताच्या क्षेत्रातही आली. १९५६ साली अमेरिकन गायक एल्विस प्रेस्ली याचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी हँक सॅपरस्टीन या व्यापाऱ्याशी करार केला, आणि एल्विसच्या नावाची ओठांची लाली, हातातील साखळ्या, कपडे असे नाना जिन्नस दुकानांतून विकले जाऊ लागले. पार्कर हे पूर्वी फिरत्या जत्रांच्या खेळांत काम केलेले गृहस्थ होते. लोकांच्या खिशातील सुटे नाणे कसे बाहेर येते, हे त्यांना ठाऊक होते. 'मला एल्विस आवडत नाही' अशा अर्थाचे बिल्लेही त्यांनी विकले, असे सांगतात. म्हणजे स्तुती करणाऱ्याचा पैसा आपला आणि निंदा करणाऱ्याचाही आपलाच!

आता आपल्या मुख्य उदाहरणाकडे वळू. इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरात १९६० साली 'बीटल्स' या नावाचा संच उदयास आला. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि १९६२ च्या ऑगस्टपासून रिंगो स्टार, असे हे चौघे. यांतील हॅरिसन याने १९६६ साली भारतात येऊन पंडित रविशंकर यांच्याकडे सतारीचे धडे घेतले, आणि १९६८ साली हे चौघेही ऋषिकेश येथे काही काळ राहिले होते; त्यामुळे भारतीय वाचकांना त्यांचे नाव अपरिचित नाही. लिव्हरपूलमध्ये ब्रायन एपस्टीन हा तरुण आपल्या कुटुंबाचे ध्वनिमुद्रिकांचे दुकान चालवीत असे. १९६१ च्या नोव्हेंबरात त्याने एका तळघरातील सभागृहात या मुलांचे वादन ऐकले आणि पुढील वर्षाच्या आरंभी तो त्यांचा व्यवस्थापक झाला.

या संचाची पहिली लक्षात घेण्याजोगी अल्पमोली वस्तू म्हणजे त्याचे बोधचिन्ह होय. १९६३ साली रिंगो स्टारसाठी नवीन ड्रम घेण्याकरिता एपस्टीन लंडनमधील एका वाद्यांच्या दुकानात गेला. ड्रमच्या पुढील कातड्यावर संचाचे नाव असावे, असे ठरले. दुकानाचे मालक आयव्हर आर्बिटर यांनी तेथल्या तेथे एक आराखडा काढला. रोमन लिपीतील नावात पहिले अक्षर मोठे आणि मधल्या 'टी' अक्षराचा दांडा ओळीखाली उतरलेला, असे त्याचे रूप होते. एका पाट्या रंगवणाऱ्या कारागिराने ती अक्षरे ड्रमवर उतरवली. या सर्व कामाला पडले केवळ ५ पौंड. पुढे जेथे जेथे त्या चौघांचे छायाचित्र छापले गेले, तेथे तेथे ड्रमवरील ती अक्षरेही छापली गेली. डोळ्यांना एकच रूप पुनःपुन्हा दिसले म्हणजे ते मनात घर करते. आज एक बोधचिन्ह, उद्या दुसरे, असे करणाऱ्या संचाला हा लाभ कधीही मिळत नाही.

दुसरी वस्तू याहून मनोज्ञ आहे. १९६३ साली बीटल्सच्या चाहत्यांच्या मंडळाकडे पत्रांचा इतका पाऊस पडू लागला, की उत्तरे वेळेवर जाईनात. वर्गणी भरलेली मुले-मुली नाराज होऊ लागली. तेव्हा संचाचे प्रसिद्धीचे काम पाहणारे टोनी बॅरो यांनी एक तोड सुचवली. त्या वर्षी नाताळच्या सुमारास मंडळाच्या सभासदांना एक पातळ, लवचीक, कागदासारखी वाकणारी तबकडी टपालाने विनामूल्य पाठवण्यात आली. तीत त्या चौघांनी आपल्या आवाजात आभार मानले होते, थट्टामस्करी केली होती. अशी तबकडी ते १९६३ पासून १९६९ पर्यंत प्रत्येक वर्षी पाठवीत राहिले. ती दुकानात विकत मिळत नसे, आणि तिला करावा लागणारा खर्चही नेहमीच्या तबकडीच्या मानाने अल्प असे. परंतु 'हे आपल्यासाठी बोलले' ही भावना त्या वाकत्या चकतीने हजारो घरांत पोहोचवली. अल्पमोली वस्तूचे सर्वांत मोठे कार्य ओळख करून देण्यापेक्षाही नाते जोडण्याचे असते, हे यावरून दिसते. आणि नाते विकत घेता येत नाही. म्हणूनच सर्वांत परिणामकारक ठरलेली ही वस्तू त्यांनी विकली नाही, दिली.

तिसरी कथा मात्र वेगळी आहे, आणि तीच आपण नीट समजून घेतली पाहिजे. १९६३ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये बीटल्सची कीर्ती शिगेला पोहोचली, आणि त्यांचे नाव आपल्या मालावर घालण्याची परवानगी मागणारे कारखानदार एपस्टीनच्या दाराशी येऊ लागले. बिल्ले, गंजिफ्रॉक, बाहुल्या, आणि त्या चौघांच्या केशरचनेसारखे केसांचे टोप! एपस्टीनपुढे गीतांची, दौऱ्यांची, नभोवाणीची असंख्य कामे होती. हा किरकोळ वस्तूंचा व्यवहार त्याला दुय्यम वाटला असावा. त्याने तो आपले वकील डेव्हिड जेकब्स यांच्याकडे सोपवला आणि जेकब्स यांनी तो निकी बर्न नावाच्या एका गृहस्थाकडे. बर्न याने अमेरिकेतील व्यवहारासाठी कंपनी काढली. तिचे नाव 'सेल्टेब'. 'बीटल्स' हे नाव रोमन लिपीत उलट्या क्रमाने लिहिले की हे नाव तयार होते. करारातील वाटणी अशी होती: परवान्यांपासून येणाऱ्या उत्पन्नापैकी ९० टक्के बर्न आणि त्याच्या भागीदारांस, आणि १० टक्के एपस्टीनच्या कंपनीस. म्हणजे ज्यांच्या नावावर माल खपणार, त्यांच्या बाजूला शंभरातले दहा!

पुढे काय घडले ते पाहा. 'कॅपिटॉल' या अमेरिकन ध्वनिमुद्रिका-कंपनीने आरंभी बीटल्सच्या गीतांना नकार दिला होता. परंतु १९६३ च्या डिसेंबरात तिने त्यांचे एक गीत बाजारात आणले आणि प्रचारास प्रारंभ केला. 'बीटल्स येत आहेत' अशा शब्दांचे स्टिकर, बिल्ले आणि केसांचे टोप यांचा त्या प्रचारात मुद्दाम उपयोग करण्यात आला. १९६४ च्या १ फेब्रुवारीस ते गीत अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, ७ फेब्रुवारीस ते चौघे न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरले आणि ९ फेब्रुवारीस दूरचित्रवाणीवरील त्यांचा कार्यक्रम सुमारे ७ कोटी ३० लक्ष लोकांनी पाहिला. येथे एक क्रम ध्यानात घ्यावा. विमानाच्या आधी बिल्ले पोहोचले हे खरे, पण त्यांच्याबरोबर गीतही पोहोचले होते. गीत नसते, तर ते टोप एखाद्या नाटकमंडळीच्या पेटीत पडून राहिले असते.

त्या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये बर्नने एपस्टीनच्या हाती ९,७०० डॉलरचा धनादेश ठेवला. 'यातले तुमचे किती?' असे एपस्टीनने विचारताच, 'हे सर्व तुमचेच. हा तुमचा दहा टक्क्यांचा वाटा', असे उत्तर आपण दिल्याची हकीकत बर्नने पुढे सांगितली आहे. गणित तुम्हीच करा. दहा टक्के ९,७००, तर एकूण रक्कम ९७,०००. आणि समोरच्याच्या वाट्याला ८७,३०० डॉलर. त्या क्षणी व्यवस्थापकाला काय उमगले असेल, हे निराळे सांगावयास नको.

त्यानंतर नवा करार करण्यात आला आणि संचाच्या बाजूचा वाटा १० टक्क्यांवरून जवळजवळ निम्म्यावर आला. परंतु हे वरातीमागून घोडे होते. एपस्टीनच्या कंपनीने स्वतः वेगळे परवाने देण्यास आरंभ केला, तर बर्नच्या कंपनीने दिलेले परवाने आधीपासूनच बाजारात होते. खरा परवाना कोणाचा, हेच कोणास कळेना. प्रकरण न्यायालयात गेले, मोठमोठ्या दुकानदारांनी मागण्या रद्द केल्या, आणि १९६७ साली वाद आपसात मिटेपर्यंत तो भरभराटीचा काळ निघून गेला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एपस्टीनचा अवघ्या ३२ व्या वर्षी मृत्यू झाला. १९६८ साली त्या चौघांनी 'अ‍ॅपल' ही आपली स्वतःची कंपनी काढली.

एपस्टीनला या एका गोष्टीसाठी सर्वस्वी दोषी ठरवणे मात्र न्याय्य होणार नाही. एखाद्या संचाच्या नावाला एवढे मोल येऊ शकते, याचा अनुभव त्या काळी इंग्लंडमध्ये कोणाच्याच गाठीशी नव्हता. शिवाय ज्या माणसाने तळघरात वाजवणाऱ्या चार मुलांना जगापुढे आणले, त्याची योग्यता एका कराराने कमी होत नाही. तथापि वस्तू लहान म्हणून व्यवहारही लहान, असे मानण्याची त्याची समजूत महागात पडली, हेही तितकेच खरे. टोप लोकर किंवा नायलॉनचा असो, बिल्ला पत्र्याचा असो. त्यातील पत्र्याला आणि लोकरीला कोणी पैसे दिले नव्हते. पैसे दिले ते नावाला. आणि ते नाव त्या चौघांनी वर्षानुवर्षे रात्रीच्या रात्री वाजवून मिळवले होते.

याच संदर्भात दुसऱ्या एका इंग्रज संचाचा दाखला उद्बोधक आहे. 'रोलिंग स्टोन्स' या संचाने १९७० साली जॉन पाश या कलाशाळेच्या विद्यार्थ्याकडून एक चिन्ह काढून घेतले. संचाचा गायक मिक जॅगर याने त्याला कालीमातेचे चित्र दाखवले होते. देवीची बाहेर आलेली जीभ पाहून पाशला लाल ओठ आणि जीभ यांची कल्पना सुचली. या कामाचे त्याला ५० पौंड मिळाले, आणि चिन्हाचे यश पाहून पुढे आणखी २०० पौंड देण्यात आले. परंतु त्या चित्रावरील आपला हक्क त्याने गमावला नव्हता. तो त्याने काही वर्षांनी २६,००० पौंडांस विकला. २००८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने मूळ चित्र ९२,५०० डॉलरना विकत घेतले. पाश याच्या हाती हक्क राहिला म्हणून त्याच्या कलेचे काही मोल त्याला मिळाले. पहिल्या उदाहरणात हक्क आधीच हातचा गेला म्हणून मोल दुसऱ्यांच्या घरी गेले. दोन्ही कथांचे सार एकच.

आता आपल्या अंगणात येऊ. समजा, तुमच्या संचाने १०० बिल्ले करून घेतले आणि त्यांस एकूण १,००० रुपये खर्च आला. प्रत्येकी २० रुपये किंमत ठेवली, तर ५० बिल्ले विकले जाताच खर्च निघतो. उरलेल्या ५० पैकी २० बिल्ले मदत करणाऱ्यांना आणि नव्या श्रोत्यांना भेट द्यावेत. ३० विकले गेले तर ६०० रुपये शिल्लक राहतील. परंतु मुळात ५० बिल्ले घेणारे श्रोते आपल्याला आहेत काय, हा प्रश्न छापण्यापूर्वी विचारला पाहिजे. ५०० छापले की एक बिल्ला स्वस्त पडतो हे खरे. पण न खपलेला स्वस्त बिल्ला हा सर्वांत महाग बिल्ला होय. थोडे करावे, संपले म्हणजे पुन्हा करावे. नाव ठळक असावे, हातभर अंतरावरून वाचता यावे. टाचणी बोचरी, रंग उडणारा, असा माल देऊ नये. कारण वाईट बिल्ल्याची तक्रार कोणी कारखान्याविरुद्ध करीत नाही, ती त्यावर छापलेल्या नावाविरुद्ध होते.

याहून महत्त्वाची गोष्ट लेखी ठरावाची. संचाचे नाव कोणाचे, एखादा सभासद बाहेर पडला तर ते कोणाकडे राहील, आलेल्या पैशाची वाटणी कशी होईल, हे एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. मैत्री आहे म्हणून कागद नको, असे म्हणू नये. मैत्री टिकावी म्हणूनच कागद हवा. एखाद्या वर्गमित्राने मोबदला न घेता बोधचिन्ह काढून दिले असेल, तर त्यावरील पहिला हक्क त्याचा असतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार असा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो, आणि तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी सहीनिशी द्यावा लागतो. संचाचे नाव व चिन्ह यांची नोंदणी १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली करता येते. ती १० वर्षांची असते आणि पुन्हा वाढवता येते. हाच नियम उलट दिशेनेही लागू आहे. दुसऱ्या एखाद्या नामांकित संचाचे चिन्ह परवानगीवाचून छापून शाळेच्या स्नेहसंमेलनात विकणे ही गंमत नव्हे. ते दुसऱ्याच्या कष्टाचे पीक कापून नेणे होय.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. १९६६ च्या २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्को येथे बीटल्सनी तिकीट लावून केलेला आपला अखेरचा जाहीर कार्यक्रम सादर केला. चाहत्यांच्या आरोळ्यांत आपलेच वादन आपल्याला ऐकू येत नाही, अशी त्यांची अवस्था झाली होती. बिल्ले आणि टोप यांनी जमवलेली गर्दी संगीतालाच बुडवू लागली, तेव्हा त्यांनी गर्दी सोडली आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून पुढील तीन-चार वर्षे नवी गीते रचली. ते टोप आज जुन्या वस्तूंच्या संग्राहकांकडे आढळतात. गीते मात्र अजून गायली जातात.

म्हणून, मित्रहो, बिल्ला अवश्य करा. तो सुबक करा, थोडा करा, हिशेब चोख ठेवा आणि नाव आपल्या हाती ठेवा. परंतु आधी रियाज करा. बिल्ला लावून कोणी तुमच्या कार्यक्रमाला आला, तर त्याने विश्वासाने दिलेले २० रुपये तुमच्याकडे ठेव म्हणून आहेत, असे समजा. ती ठेव त्याला परत मिळते ती तुमच्या सुरांतून.